लायब्ररीच्या सरांची किल्ली

वाचकहो, शेतीच्या पानावर शाळेच्या लायब्ररीचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण सांगोला भागातल्या एका बाजारगावच्या हायस्कूलमधले ग्रंथपाल सर या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. त्यांच्या कपाटांतली बरीच पुस्तके आज तुमच्या-आमच्या घरांत, माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे पडून आहेत. तेव्हा हा विषय शेतकऱ्यांचाच आहे.

सर १९९४ च्या जूनमध्ये या शाळेत लागले. पहिली काही वर्षे त्यांची नेमणूक अर्धवेळ होती. पगार अर्धा, पण काम मात्र पुरे. दाखल नोंदवहीत पुस्तकाचा नंबर घालायचा, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, आत शिक्का मारायचा, फाटलेली पाने खळ लावून सांधायची. घंटा झाली की पोरांची झुंबड. गावात त्यांना नावाने फारसे कोणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे ‘लायब्ररीचं सर’ म्हणतात.

मी त्याच शाळेचा विद्यार्थी. सर आम्हाला पुस्तकांचे आकडे पाठ करायला लावायचे. ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली पुस्तकांची दशांश पद्धतीने विभागणी मांडली. तीत शेतीला ६३० हा आकडा आहे. ६३२ म्हणजे पिकांवरचे कीड-रोग, ६३३ शेतातली पिके, ६३४ फळबागा, ६३५ भाजीपाला, ६३६ जनावरे. सर म्हणायचे, “गोष्टीची पुस्तकं कुठं आहेत ते तुम्हाला सांगावं लागत नाही. पण सहाशे तीसचं कपाट कुठं आहे, हे विसरू नका रे. तुमच्या बापाला त्याची गरज आहे.”

नियमाने शाळेची पुस्तके विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी. सरांनी हा नियम मोडला नाही, पण वाकवला जरूर. पुस्तक पोराच्या नावावर लिहायचे आणि वाचायचे बापाने. बाप निरक्षर असेल तर पोराने कंदिलाशी बसून वाचून दाखवायचे. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, ‘शेतकरी’ मासिकाचे जुने अंक, कृषी मेळाव्यात फुकट वाटलेली घडीपत्रके असे सगळे ते गोळा करीत. विद्यापीठांना पत्रे लिहीत. टपालखर्च कुठल्या हिशेबात धरायचा हा प्रश्न यायचा, म्हणून तो स्वतःच्या खिशातून करीत.

*तेलकट डागांचे वर्ष*

२००५ सालची गोष्ट. मी नववीत होतो. आमच्या डाळिंबाच्या पानांवर तेल सांडल्यासारखे डाग दिसू लागले. मग फळांवर काळे डाग पडून ती तडकू लागली. वडिलांनी दुकानदाराने दिलेली दोन औषधे मारली, पण गुण नाही. मी एक पान वहीत घालून सरांकडे गेलो. “सर, आमच्या बागंला काय तरी झालंय बगा.” सरांनी पान उजेडात धरले, काही बोलले नाहीत. ६३४ च्या कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली, चित्राशी पान लावून पाहिले आणि माझ्या नावावर लिहून दिली. “हे वडिलांना वाचून दाखव. आणि काही उरकंना तर कृषी खात्याच्या साहेबांना गाठा. मी पुस्तकातलं सांगतो, डॉक्टर नाही.”

तो तेल्या रोग होता. हा रोग जिवाणूंमुळे होतो. पावसाच्या थेंबांनी उडतो, छाटणीच्या कात्रीने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि रोगट झाडाच्या गुटी कलमांतून नव्या बागेत शिरतो. आम्ही रोगट फांद्या कापून जाळल्या, पडलेली फळे वेचून नष्ट केली, कात्री दर झाडाला निर्जंतुक करून वापरली. एक टक्का बोर्डो मिश्रण फवारले. म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडे लोखंडाचे नको, आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

बाग पुरी वाचली असे खोटे सांगणार नाही. जवळजवळ निम्मी झाडे काढावी लागली. पण पुढची लागण करताना वडिलांनी शेजारच्या रोगट बागेतली स्वस्त गुटी नाकारली. ही अक्कल त्या चाळीस पानांच्या पुस्तिकेने दिली. त्याच वर्षी, २००५ मध्ये, सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. आज रोगावर तिथला सल्ला मिळतो, मोबाईलवरही मिळतो. त्या वेळी मात्र आमच्या गावात एक कपाट आणि एक किल्ली होती. दहावीनंतर मी कृषी पदविकेकडे वळलो, त्याला हे कपाटही कारण आहे.

*हिशेबाची वेळ*

निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालाला कार्यभार सोपवावा लागतो. त्याआधी पुस्तकांची पडताळणी होते. दाखल नोंदवहीतला एकेक नंबर वाचायचा आणि कपाटातले पुस्तक दाखवायचे. सरांच्या नोंदवहीत ६,२१४ पुस्तके आहेत. पडताळणीत १७३ कमी भरली. ही पुस्तके सापडली नाहीत तर किंमत कोणाकडून वसूल करायची, हा प्रश्न आता उभा राहिला आहे. येणे-बाकी नसल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पेन्शनची फाईल पुढे सरकत नाही.

वाचकहो, आपल्याकडे कितीतरी शाळांची कपाटे कुलूपबंद का असतात, याचे उत्तर इथे आहे. पुस्तक दिले नाही तर हरवत नाही. हरवले नाही तर वसुली नाही. ज्याने ३१ वर्षे कपाट बंद ठेवले, तो एकही पुस्तक न गमावता ताठ मानेने निवृत्त होतो. ज्याने उघडे ठेवले, त्याने खिसा उलटा करायचा!

वास्तविक कायदा इतका आंधळा नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत म्हटले आहे, की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी समजावे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. महागड्या पुस्तकांची चौकशी वेगळी करावी. हे नियम केंद्राच्या कार्यालयांचे आहेत, आपल्या शाळेला ते जसेच्या तसे लागू नाहीत. पण त्यातले तत्त्व तर घ्या. सरांच्या देवघेव वहीप्रमाणे वर्षाला सरासरी चार हजार पुस्तके बाहेर जात. म्हणजे वर्षाला वीस, ३१ वर्षांत सहाशेवीस पुस्तके गेली असती तरी ते वाजवी ठरले असते. गेली १७३. त्यातलीही काही वाळवीने खाल्लेली.

वाळवीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुस्तकांचे कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, अर्धा फूट तरी अंतर ठेवावे. भिंतीची ओल कपाटात उतरते आणि मातीच्या नळ्यांतून वाळवी वर चढते. सर दर पावसाळ्याआधी पुस्तकांना हवा देत आणि कडुलिंबाचा सुकलेला पाला कप्प्यांत ठेवीत. कसरीला त्याने थोडा आळा बसतो. बियाण्याच्या कणगीची जितकी काळजी आपण घेतो तितकीच ही.

मागच्या आठवड्यात मी सरांना भेटायला गेलो. ते खुर्चीवर नव्हते, जमिनीवर पुस्तकांच्या थप्प्यांमध्ये बसले होते. मी विचारले, “सर, एवढी पुस्तकं बाहेर का दिलीत?” ते हसले. म्हणाले, “आरं, पेरल्याशिवाय उगवतं व्हय? थोडं पाखरं खाणारच.”

मी पिशवीतून ती डाळिंबाची पुस्तिका काढून त्यांच्यापुढे ठेवली. होय, १७३ मधली एक माझ्या घरी होती. वडिलांच्या ट्रंकेत, औषधांच्या पावत्यांबरोबर. मीच ती परत केली नव्हती, आणि इतकी वर्षे मला त्याची लाज वाटली नाही. सरांनी पाने उलटली. मोरचुदाचे निळे डाग पाहिले. मग नोंदवहीत नंबर शोधून त्यापुढे बरोबरची खूण केली. बोलले काहीच नाहीत.

*आता आपले काम*

सरांच्या जागी कोण, हे अजून ठरलेले नाही. नवी नेमणूक होईपर्यंत किल्ली एका शिक्षकाकडे जाईल. त्यांच्या तासिका आधीच भरलेल्या आहेत. म्हणजे कपाट उघडणार कधी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तिथे वर्तमानपत्र, मासिके आणि सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. पण कायद्याने कपाट मिळते, ते उघडणारा हात आपणच मागावा लागतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, दोन कामे करा. पहिले, आज संध्याकाळी घरातला माळा, ट्रंक, देवघराचा कोनाडा चाळा. शाळेचा गोल शिक्का असलेले पुस्तक सापडले तर महिनाअखेरीच्या आत शाळेत पोचवा. फाटलेले असले तरी चालेल. दंड नाही, कोणी काही विचारणारही नाही. गेल्या पंधरवड्यात ४६ पुस्तके अशी परत आली आहेत. एक आजीबाई शेळ्यांवरचे पुस्तक घेऊन दोन कोस चालत आल्या. ते त्यांच्या मुलाच्या नावावर होते.

दुसरे, पुढच्या पालकसभेत उभे राहून एकच प्रश्न विचारा: लायब्ररीची किल्ली कोणाकडे आहे, आणि ती आठवड्यातून किती वेळा कुलपाला लागते? ट्रॅक्टरचे वंगण विचारायला आपण लाजत नाही, हे विचारायला का लाजावे?

सरांचा निरोपसमारंभ होईल, शाल-श्रीफळ होईल, भाषणे होतील. पण त्यांना हवी आहे ती भेट वेगळी. नोंदवहीत अजून बरेच नंबर खुणेविना उभे आहेत. तुमच्या घरातला नंबर त्यातला आहे का, तेवढे पाहा.