वहिवाट घोड्यांची
इंग्लंडमध्ये घोड्यावरून जाण्याचा हक्क असलेल्या सार्वजनिक वाटेला ‘ब्रायडलवे’ म्हणतात. ती बहुधा कुणाच्या तरी शेतातून जाते. जमीन मालकाची, वहिवाट सगळ्यांची. शेतरस्त्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्याला हे प्रकरण समजावून सांगायला नको.

1949 च्या कायद्याने कौंटी कौन्सिलांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. पाहणी बरीचशी गावपातळीवर झाली. कित्येक घोडवाटा नुसत्या पायवाटा म्हणून नोंदल्या गेल्या, काही राहूनच गेल्या. पुढे 2000 च्या कायद्याने बजावले, की 1 जानेवारी 2026 पर्यंत नोंद न झालेल्या जुन्या वाटांवरचा हक्क संपेल. मग ‘ब्रिटिश हॉर्स सोसायटी’चे स्वयंसेवक दफ्तरखान्यांत जाऊन बसले. त्यांच्या उपयोगी पडले ते जमीन-कराच्या आकारणीसाठी 1910 च्या कायद्याखाली तयार झालेले नकाशे. त्यांत खासगी जमिनी रंगवलेल्या, सार्वजनिक रस्ते मात्र बहुतेक कोरे सोडलेले. दोन रंगीत तुकड्यांमधली पांढरी पट्टी हा एकटा पुरेसा नसला, तरी वजनदार पुरावा. मुदत नंतर 2031 पर्यंत लांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये ती रद्दच करण्याचा इरादा सरकारने जाहीर केला.

जुना कागद नसेल तर वापर दाखवावा लागतो. लोकांनी सलग 20 वर्षे ती वाट वापरलेली हवी. तीही जबरदस्तीने नाही, चोरून नाही आणि परवानगीने नाही. यातली शेवटची अट मोठी गमतीची. मालकाला नम्रपणे विचारून, त्याच्या होकारावर रोज घोडा नेणाऱ्याची वहिवाट सिद्ध होत नाही. न विचारता उजळ माथ्याने नेणाऱ्याची होते. चलाख मालक म्हणूनच ‘आमच्या परवानगीने’ अशी पाटी लावतो. वाटेच्या नोंदीसाठी केलेल्या अर्जासोबतच्या जबान्यांत हेच खोदून विचारतात: कधीपासून जाता, पायी की घोड्यावरून, फाटकाला कुलूप होते का, कुणी अडवले का? गावातल्या म्हाताऱ्या घोडेस्वारांची आठवण इथे सोन्याच्या मोलाची, आणि ती माणसे हयात असेतोवरच लिहून घ्यावी लागते. मालकाची हरकत आली, की प्रकरण सरकारी निरीक्षकापुढे जाते आणि वर्षानुवर्षे चालते.

नोंद झाली तरी फाटक उरतेच. कायद्याने ते निदान पाच फूट रुंद हवे. कडी मात्र खोगिरावर बसल्या बसल्या हाताला येईल अशी बसवलेली असतेच असे नाही, आणि बुजणाऱ्या घोड्यावरून उतरून पुन्हा चढणे ज्येष्ठ स्वाराला जमत नाही.