क्षेत्रसभा : मतदाराची हक्काची जागा

७४व्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून लागू) ३ लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. नागपुरात लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत १० झोन आहेत. प्रत्येक झोनच्या प्रभाग समितीत नगरसेवकांसोबत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त ३ प्रतिनिधी बसतात. सामान्य मतदार बाहेरच. त्याच्यासाठी राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. लगतच्या मतदान केंद्रांतले सगळे मतदार तिचे सभासद, नगरसेवक अध्यक्ष. पथदिवा कुठे, सार्वजनिक नळ कुठे, कोणते काम आधी, हे सुचवायचा तिला अधिकार. सुचवायचाच, ठरवायचा नव्हे. खरी उणीव ही. त्यात मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा अध्यक्षपदाला नगरसेवकही उरले नाहीत. याउलट विदर्भातल्याच मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्येच सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात.