खाऱ्या पाण्यातील तेलभक्षक जिवाणू

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया–३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडले, त्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात मिसळले. ऐन पावसाळ्यात हे तेल भरतीबरोबर किनाऱ्यावरील कांदळवनांत शिरले. तिवराच्या मुळांना चिखलात हवा मिळत नाही. चिखलाबाहेर उभ्या राहिलेल्या श्वसनमुळांवाटेच ती आत जाते. त्यांवरच तेलाचा थर बसला. पाण्यावरील तवंग यंत्राने ओढून घेता येतो, खडक धुता येतो. कांदळवनात मात्र यंत्र जात नाही आणि माणसे शिरली तर त्यांच्या पायांखाली तेल अधिकच खोल रुतते. अशा जागी जिवाणूंचे साह्य घेण्याचा विचार पुढे येतो.

तेल खाणारे जिवाणू ही प्रयोगशाळेची निर्मिती नव्हे. समुद्रतळाच्या भेगांतून खनिज तेल युगानुयुगे झिरपत आले आहे आणि त्यावर जगणारे जीवही तेव्हापासून आहेत. १९९८ मध्ये उत्तर समुद्रातील ‘अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस’ या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. स्वच्छ पाण्यात तो अत्यल्प आढळतो. तेल सांडले की झपाट्याने वाढतो. असे जिवाणू प्रथम साबणासारखे द्रव्य स्रवून तेलाचे बारीक थेंब करतात. नंतर त्यांची विकरे हायड्रोकार्बनच्या साखळीला प्राणवायू जोडतात. त्यातून मेदाम्ल तयार होते आणि तेथून पुढची वाट आपल्या शरीरात तूप-तेल पचते तशीच असते. शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. सरळ साखळ्यांची हलकी संयुगे आधी संपतात, अनेक कड्यांची संयुगे रेंगाळतात आणि डांबरासारखा भाग बहुतांशी तसाच राहतो.

मिठाची अडचण येथे उभी राहते. लोणचे किंवा खारवलेली मासळी टिकते, कारण मीठ सूक्ष्मजीवांच्या पेशीतील पाणी ओढून घेते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात ते प्रमाण कित्येक पटींनी वाढते. गोड्या पाण्यातला किंवा शेतातला जिवाणू तेथे टाकला, तर तेल खाण्याआधी त्याला जीव वाचवावा लागतो. क्षारप्रिय जिवाणू पेशीत एक्टोइन, बिटेन अशी द्रव्ये साठवून बाहेरच्या मिठाशी समतोल राखतात. शिवाय क्षार वाढले की पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो आणि तेलातील घटकही. म्हणून अतिक्षारयुक्त पाण्यातील तेलाचे विघटन संथ असते.

जिवाणू सोडले म्हणजे काम झाले, असा समज मात्र सर्रास आढळतो. तेलात कार्बन भरपूर असतो; नत्र आणि स्फुरद जवळपास नसते. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडले, तेव्हा तेथे खत टाकण्यात आले आणि स्थानिक जिवाणूंनीच विघटनाचा वेग वाढवला. तरीही वाळू-गोट्यांखाली, जेथे प्राणवायू पोहोचला नाही तेथे, ते तेल अनेक वर्षांनंतरही सापडत राहिले. कांदळवनाच्या चिखलातही हवा नसते. तेथे साचलेले जाड तेल आधी हाताने काढावे लागते. जिवाणूंच्या वाट्याला उरलेला पातळ थरच येतो.

हा विषय किनाऱ्यापुरता नाही. अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे साखर कारखान्याचे गाव समुद्रापासून दूर आहे. पण उसाच्या पट्ट्यात पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव एकत्र आले की काळी जमीन खारवते. ट्रॅक्टर व मालमोटारींचे जळके तेल अशा जमिनीवर ओतले, तर प्रश्न समुद्रासारखाच होतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे खारे, अल्कधर्मी सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. इतक्या क्षारांतही जीव तग धरतात, याचा हा जवळचा दाखला. ते तेल खाणारेच असतील, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑइलझॅपर’मध्ये निवडक जिवाणू मक्याच्या रिकाम्या कणसांच्या भुशावर बसवलेले असतात. तेलकट मातीत ते मिसळून ओलावा राखतात व माती वारंवार खालीवर करतात. खारवट मातीत मात्र त्याआधी निचरा करून क्षार कमी करणे किंवा क्षार सोसणारे जिवाणू निवडणे भाग पडते. जळक्या तेलात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूही असतात. जिवाणू तेल खातात. धातू मातीतच राहतात. त्यामुळे असे तेल जमिनीवर न ओतता डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावयाचे असते.