'कॅसलव्हेनिया' : किल्ला तोच, वाटा नव्या

साधारण शंभर वर्षांनी ड्रॅक्युला पुन्हा उठतो आणि बेलमाँट घराण्यातला कोणीतरी चाबूक घेऊन त्याच्या किल्ल्यावर चालून जातो. कथा म्हणाल तर एवढीच. जपानच्या कोनामी कंपनीने या एवढ्याशा कथेवर १९८६ पासून 'कॅसलव्हेनिया' ही गेममालिका चालवली. नायक येत-जात राहिले. मालिका टिकली ती किल्ल्यामुळे.

पहिला किल्ला

२६ सप्टेंबर १९८६ रोजी 'अकुमाजो ड्रॅक्युला' हा गेम जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर आला. पुढच्या वर्षी तो 'कॅसलव्हेनिया' या नावाने अमेरिकेत पोहोचला. दिग्दर्शक होते हितोशी अकामात्सु. कथेचा काळ १६९१ आणि नायक सायमन बेलमाँट.

ड्रॅक्युला ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला असला, तरी गेमचा सगळा थाट जुन्या भयपटांचा आहे. ममी, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस, वटवाघळे, कोयता घेतलेला मृत्यू अशी सगळी मंडळी एकाच छताखाली राहतात. शेवटच्या श्रेयनामावलीतही बेला लुगोसी, बोरिस कार्लोफ अशा भयपटांतल्या नटांची नावे गमतीने मोडून वापरली आहेत.

पाऊल चुकले की संपले

किल्ल्याचे सहा भाग, प्रत्येकाच्या शेवटी एक मोठा शत्रू. वाटेतल्या मेणबत्त्यांवर चाबूक मारला की बदाम पडतात. पण या बदामांनी जीव वाढत नाही. ती कुऱ्हाड, खंजीर, पवित्र पाणी यांसारखी शस्त्रे फेकण्याची शिदोरी असते. जीव भरून काढायचा, तर भिंत फोडून आत दडवलेले मांस शोधावे लागते.

खरी कसोटी सायमनच्या चालीत आहे. एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. चाबूक फिरायला क्षणभर लागतो. शत्रूचा धक्का बसला की सायमन मागे फेकला जातो आणि मागे खड्डा असेल तर खेळ खलास. त्यात मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत अंगावर येतात, तीही नेमकी अरुंद जागी. म्हणून इथे बोटांच्या चपळाईपेक्षा पुढचे पाऊल आधी ठरवणे महत्त्वाचे. हा गेम अवघड आहे, पण सहसा अन्याय करत नाही.

दुसरा आणि तिसरा भाग

१९८७ च्या 'सायमन्स क्वेस्ट'ने खेळाडूला किल्ल्याबाहेर काढले. गावे, दुकाने, दिवस-रात्रीचे चक्र असे सगळे त्यात होते. रात्र झाली की दुकाने बंद आणि शत्रू दुप्पट चिवट. मात्र गावकऱ्यांच्या बोलण्यातून मिळणाऱ्या खुणा अनेकदा दिशाभूल करत. एका ठिकाणी तर लाल स्फटिक हाती धरून कड्यापाशी गुडघे टेकून बसल्याशिवाय वाट उघडत नाही. हे स्वतःहून कोणाला सुचणार?

१९८९ च्या 'ड्रॅक्युलाज कर्स'ने पुन्हा किल्ल्याची वाट धरली, पण तिला फाटे फोडले. कथा १४७६ सालात, सायमनच्या पूर्वजाकडे, ट्रेव्हर बेलमाँटकडे गेली. सोबतीला चेटूकविद्या जाणणारी सायफा, भिंती चढणारा ग्रँट आणि ड्रॅक्युलाचा मुलगा अ‍ॅल्युकार्ड आले. यांपैकी एका वेळी एकालाच बरोबर घेता येते. जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामीने संगीतासाठी खास चिप बसवली होती. अमेरिकी यंत्रात तिचा उपयोग करण्याची सोय नव्हती, त्यामुळे तिथल्या खेळाडूंनी त्याच चाली थोड्या रोडावलेल्या ऐकल्या.

१९९७ : किल्ल्याचा नकाशा झाला

'सुपर कॅसलव्हेनिया ४' (१९९१) आणि 'रोंडो ऑफ ब्लड' (१९९३) यांनी जुनी पद्धत आणखी देखणी केली. मोठा बदल घडवला तो प्लेस्टेशनवरच्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'ने. दिग्दर्शक तोरू हागिहारा, साहाय्यक दिग्दर्शक कोजी इगाराशी, चित्रे आयामी कोजिमा यांची आणि संगीत मिचिरू यामाने यांचे.

इथे टप्पे नाहीत. अख्खा किल्ला एकच सलग जागा आहे. नायक अ‍ॅल्युकार्ड सुरुवातीला भारी शस्त्रांनिशी आत शिरतो आणि थोड्याच वेळात मृत्यू त्याचे सर्वस्व हिरावून घेतो. मग दुहेरी उडी, धुके होणे, वटवाघूळ होणे अशा शक्ती एकेक करून मिळवायच्या आणि आधी बंद असलेल्या वाटांकडे परतायचे. एरवी गेम संपला असे वाटते त्या जागी, योग्य वस्तू जवळ असेल, तर आकाशात दुसरा किल्ला प्रकटतो. तो पहिलाच किल्ला, पण उलटा : छत खाली, जमीन वर. त्याच खोल्या वापरून निर्मात्यांनी खेळ जवळपास दुप्पट केला.

निन्टेन्डोच्या 'मेट्रॉइड'ने अशा भटकंतीची वाट आधीच पाडली होती. दोन्ही नावे जोडून या प्रकाराला 'मेट्रॉइडव्हेनिया' म्हणू लागले. 'हॉलो नाइट'सारखे आजचे गेम याच घराण्यातले.

उतार आणि नवे आसरे

१९९९ मध्ये निन्टेन्डो ६४ वर मालिका त्रिमितीत आली, पण तिथे तिचा जम बसला नाही. २००१ ते २००८ या काळात ती बहरली ती हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रांवर. त्यांवरच्या सहा गेमपैकी 'आरिया ऑफ सॉरो' (२००३) विशेष. त्याची कथा २०३५ सालात घडते आणि नायक मारलेल्या शत्रूंचे आत्मे आपल्या शक्ती म्हणून वापरतो.

२०१० मध्ये स्पेनच्या मर्क्युरीस्टीमने 'लॉर्ड्स ऑफ शॅडो'मधून कथा नव्याने मांडली. त्याचा दुसरा भाग २०१४ मध्ये आला. त्याच वर्षी इगाराशी कोनामीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी त्यांनी 'ब्लडस्टेन्ड'साठी चाहत्यांकडे ५ लाख डॉलर मागितले आणि ५५ लाखांहून अधिक जमले. तो गेम २०१९ मध्ये आला. दरम्यान, तिसऱ्या गेमवर आधारलेली अ‍ॅनिमेशन मालिका नेटफ्लिक्सवर २०१७ ते २०२१ अशी चार पर्व चालली. २०२३ मध्ये 'नॉक्टर्न' आली, ती फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली.

सुरुवात कुठून करावी?

नव्याने खेळणाऱ्याने 'सिम्फनी ऑफ द नाइट' घ्यावा. २०२० पासून तो मोबाइलवरही मिळतो, मात्र टचस्क्रीनपेक्षा कंट्रोलर जोडलेला बरा. तो आवडला तर 'आरिया ऑफ सॉरो'कडे वळा. तो २०२१ च्या 'अ‍ॅडव्हान्स कलेक्शन'मध्ये आहे. १९८६ चा पहिला गेम मात्र शेवटी आणि सवडीने खेळा. तोवर किल्ल्याची रीत अंगवळणी पडलेली असेल आणि त्याचा कडक स्वभाव जाचण्याऐवजी आवडू लागेल.