औषध जवळ असणं वेगळं, अर्क काढणं वेगळं

गांजा आणि चरस एकाच झाडाचे. फुलोरा तो गांजा, त्यातून वेगळी काढलेली राळ ती चरस. आपल्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात दोन्हींची व्याख्या वेगळी, आणि 'अल्प प्रमाण'ही वेगळं: गांजा एक किलो, चरस शंभर ग्रॅम. अमेरिकेतल्या राज्यांनी गांजा औषध म्हणून मान्य केला, तेव्हा ही रेघ बऱ्याच ठिकाणी आखायची राहून गेली. ती पुढे न्यायालयात आखली गेली. आज आपण तेवढंच बघू.

कॅलिफोर्नियात १९९६ साली मतदारांनी प्रस्ताव २१५ मंजूर केला. डॉक्टरांची शिफारस असेल तर रुग्णाने गांजा लावावा, जवळ ठेवावा. मग अर्काचं काय? २००३ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी मत दिलं की घट्ट अर्कसुद्धा या कायद्याच्या 'गांजा'त येतो. पण हे झालं जवळ ठेवण्याबद्दल. रसायन वापरून अमली पदार्थ बनवण्याविरुद्ध वेगळं कलम होतंच. शिक्षा तीन, पाच किंवा सात वर्षं. २००८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, ब्युटेनने अर्क काढणं या कलमात बसतं आणि तिथे प्रस्ताव २१५ची ढाल चालत नाही. म्हणजे बघा, रुग्ण तोच, झाड तेच. राळ चाळणीने पाडली तर बचाव आहे, ब्युटेन वापरला तर नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत जमिनीलगत साठतो आणि फ्रीजच्या ठिणगीनेही भडकतो. अशा स्फोटांत घरं उद्ध्वस्त झाली आहेत. भिंतीपलीकडच्या भाडेकरूचा त्यात काय दोष? त्यामुळे ही बंदी आम्हाला पटते.

ॲरिझोनाचं मात्र पटत नाही. तिथे कार्डधारक रुग्णाकडे दीड ग्रॅमहूनही कमी हशीश सापडलं आणि अडीच वर्षांची शिक्षा झाली. स्फोट नाही, ब्युटेनचा आरोप नाही, नुसतं जवळ होतं! अपील न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्षा कायम ठेवली. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती फिरवली: कायदा 'झाडाचे सर्व भाग' म्हणतो, मग राळ बाहेर कशी?

कॅलिफोर्नियात २०१६च्या प्रस्ताव ६४ नंतर ज्वालाग्राही द्रावकाने अर्क काढायला परवाना लागतो, घरी मनाई. कार्बन डायऑक्साइड आणि इथेनॉल वापरणाऱ्या कारखान्यांचा परवाना वेगळा, सौम्य वर्गातला. इथेनॉल पेटत नाही असं नाही, स्पिरिटचा दिवा पाहिलेल्याला हे सांगायला नको. पण नियमात वर्गवारी तशी आहे.

आणि हे सगळं राज्यापुरतं. केंद्रीय कायद्यापुढे राज्याचा परवाना ढाल होत नाही. ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या मंडळींनी हे नीट ऐकावं: अशा परवानाधारक कारखान्यात नोकरी केली, तरी नागरिकत्वाचा अर्ज त्यावरून अडू शकतो, असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी जाहीर केलं होतं.