पाण्यावरची शिस्त

हिवाळ्यातील एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या अपोलो बंदरावर उभे राहिले, म्हणजे समोरच्या पाण्यावर पांढऱ्या शिडांच्या लहान लहान होड्या दिसतात. शिडात वारा भरतो, होडी एका अंगाला कलते आणि पाणी कापीत पुढे निघून जाते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला हा केवळ मौजेचा खेळ वाटतो. परंतु या मौजेच्या मागे एक कडक शिस्त असते. वारा आणि पाणी ही दोन्ही माणसाच्या आज्ञेत वागत नाहीत. त्यांचा स्वभाव ओळखून, त्यांच्याशी जुळवून घेऊनच माणसाला त्यांच्यावर विहार करावा लागतो.

शिडाच्या होड्यांचा हा खेळ शिकविणाऱ्या संस्था अनेक ठिकाणी आहेत. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्रही शिडाची होडी हाकण्यास शिकतात. लहान मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची एक खास होडी आहे. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली तिची आखणी केली. तिची लांबी जेमतेम २.३ मीटर असते आणि ती एकट्या मुलाला हाकता येते. जगातील असंख्य मुलांनी नौकानयनाचे पहिले धडे याच होडीत गिरविले आहेत. मात्र कोणत्याही चांगल्या संस्थेत मुलाच्या हाती सुकाणू देण्यापूर्वी त्याला दुसऱ्याच गोष्टी शिकवितात. संकट आले असता काय करावे, हे त्याला आधी शिकावे लागते.

या शिक्षणाचा आरंभ किनाऱ्यावरच होतो. पहिली गोष्ट म्हणजे ऋतू आणि वारा यांची पारख. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. म्हणून त्या दिवसांत मुंबईच्या बंदरातील विहाराच्या होड्या किनाऱ्यावर चढवून ठेवतात. कोळी बांधवही परंपरेने नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच आपल्या होड्या पाण्यात लोटतात. हवा शांत असते त्या दिवसांतही वाऱ्याची दिशा पाहावी लागते. रात्री जमीन लवकर थंड होते, तर समुद्राचे पाणी त्या मानाने उबदार राहते. त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई वारा म्हणतात. दुपारी जमीन तापली म्हणजे हाच क्रम उलटतो आणि समुद्राकडून खारा वारा येऊ लागतो. पहाटेच्या मतलई वाऱ्यात किनाऱ्याजवळ पाणी अगदी संथ दिसते. पण तोच वारा लहान होडीला नकळत दूर समुद्रात ढकलीत नेतो. जाताना सोपी वाटलेली वाट परतताना वाऱ्याच्या विरुद्ध असते, ही गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

वाऱ्याप्रमाणेच भरती-ओहोटीचेही गणित असते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून सामान्यतः दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीचे पाणी बंदरातून बाहेरच्या बाजूला ओढ घेते. वारा पडलेला असावा आणि ओहोटी लागलेली असावी, अशा वेळी शिडाच्या होडीला परतणे कठीण होते. म्हणून जाणता नाविक निघण्यापूर्वी भरतीचे कोष्टक पाहतो, हवामानखात्याचा इशारा ऐकतो आणि आभाळाकडेही एक नजर टाकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगावरील जीवरक्षक जाकीट. पाण्यात पडल्यावर ते घालता येईल, असे समजणे धोक्याचे आहे. लाटांत हातपाय मारीत असताना पट्टे ओढून बांधणे फार अवघड असते. म्हणून जाकीट किनाऱ्यावरच घालावयाचे आणि त्याचे सर्व पट्टे तेथेच आवळावयाचे, असा नियम असतो. उत्तम पोहता येणाऱ्यालाही हा नियम लागू असतो. डोलकाठीखालचा आडवा वासा जोराने डोक्यावर आदळला, तर पोहण्याची कला क्षणभर विसरली जाते. जाकीट मात्र आपले काम विसरत नाही.

तिसरी गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण फार मोलाची आहे. ती म्हणजे नोंदवही. कोण, कोणत्या होडीतून, किती वाजता पाण्यावर गेला आणि केव्हा परतला, याची नोंद किनाऱ्यावर ठेवतात. सायंकाळी एका नावापुढे परतल्याची खूण नसेल, तर शोध ताबडतोब सुरू करता येतो. नोंदच नसेल, तर एक मूल हरवले आहे हेच कोणाला कळावयाचे नाही. म्हणून परत आल्यावर न विसरता आपल्या नावापुढे खूण करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असते. मुले पाण्यावर असतात तोवर यंत्रावर चालणारी बचावाची होडीही त्यांच्या आसपास फिरत असते.

इतकी तयारी झाल्यावर मुले पाण्यावर जातात, आणि पहिल्या दिवसांतच त्यांना होडी मुद्दाम उलटवावयास सांगतात! हे ऐकून नवल वाटेल. पण लहान शिडाची होडी कधी ना कधी उलटणारच. ती प्रथम उलटते तेव्हा शिक्षक जवळ असावा आणि पाणी शांत असावे, हे अधिक चांगले. होडी उलटली म्हणजे डोके वर काढून पहिल्याने सोबत्यांची मोजणी करावयाची. कोणी शिडाखाली सापडला, तर त्याने घाबरू नये. शीड हाताने वर उचलले म्हणजे तोंडापुरती हवा मिळते. मग एकाच दिशेने सरकत गेले की शिडाची कड सापडते. सर्वजण सुखरूप आहेत असे दिसले, म्हणजे शीड ओढून धरणारी दोरी सैल करावयाची. या होडीच्या मध्यभागी एक फळी पाण्यात खाली सोडलेली असते. होडी आडवी झाली की ती फळी पाण्याबाहेर आडवी येते. तिच्यावर चढून, होडीची कड धरून, अंगाचा सारा भार मागे टाकला म्हणजे डोलकाठी हळूहळू वर येते आणि होडी पुन्हा सरळ उभी राहते. मग आत चढून, बांधून ठेवलेल्या भांड्याने पाणी उपसावयाचे. एरवी अर्धा तास भयाने थरथरत घालविणारे मूल या अभ्यासाने दोन-तीन मिनिटांत होडी सरळ करू शकते.

पण होडी सरळ झालीच नाही तर? तर एकच नियम पाळावयाचा: होडी सोडावयाची नाही. समोर किनारा दिसत असतो. तो जवळ वाटतो. पोहत सहज गाठू, असा मोह पडतो. परंतु पाण्यावरून अंतराचा अंदाज नेहमी फसतो. प्रवाह आडवा ओढतो आणि हात थकतात. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी अधिक वेगाने शरीराची ऊब हिरावून घेते. उलटलेली होडी मात्र सहसा बुडत नाही. कारण तिच्यात हवेच्या बंद पिशव्या बसविलेल्या असतात. तिच्यावर चढून बसता येते. लाटांत माणसाचे डोके एखाद्या तरंगत्या नारळाएवढेच दिसते. होडीचा पालथा तळ मात्र दुरूनही नजरेस पडतो.

या नियमाची किंमत जगाला १९७९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कळून आली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याच्या शर्यतीत त्या वर्षी ३०३ नौका उतरल्या होत्या. वाटेत भयंकर वादळ झाले आणि शर्यतीतील १५ जण प्राणांस मुकले. एकंदर २४ नौका त्यांतील माणसांनी सोडून दिल्या. त्यांपैकी ५ बुडाल्या. बाकीच्या वादळानंतर तरंगत असलेल्या आढळल्या! काही माणसांनी मात्र आपली नौका सोडून ज्या रबरी तराफ्याचा आश्रय घेतला होता, त्या तराफ्यानेच त्यांना दगा दिला. नौका पायाखालून खरोखरच जाऊ लागेपर्यंत तिला सोडू नये, हा धडा तेव्हापासून नाविकांच्या मनावर कायमचा ठसला.

कोणी होडीतून पाण्यात पडला, तर त्याचीही ठरलेली रीत आहे. पाहणाऱ्याने मोठ्याने ओरडून सर्वांना सावध करावयाचे. जवळ तरंगणारी जी वस्तू असेल ती त्याच्याकडे फेकावयाची. मग एकाने त्याच्याकडे बोट रोखून उभे राहावयाचे आणि कोणत्याही कारणाने नजर हलवावयाची नाही. एकदा नजर सुटली, तर लाटांत तो माणूस पुन्हा सापडणे दुरापास्त होते. होडी वळवून त्याच्याजवळ आणताना ती शेवटी वाऱ्याकडे तोंड करून आणावयाची. म्हणजे शिडातील वारा निघून जातो आणि होडी त्याच्याशेजारी येऊन थबकते. त्याच्या मदतीसाठी भावनेच्या भरात पाण्यात उडी मात्र टाकावयाची नाही. त्यामुळे बहुधा एकाऐवजी दोघांना वाचविण्याची वेळ येते.

मदत मागण्याचीही एक भाषा आहे, आणि ती सर्व देशांतील नाविकांना समजते. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करीत राहणे, ही तिची सर्वांत सोपी खूण. जाकिटाला बांधलेली शिट्टी ओरडण्यापेक्षा दूरवर ऐकू जाते आणि गळाही थकवीत नाही. रात्री तांबडी ज्योत पेटवितात, तर दिवसा नारिंगी धूर सोडतात. रेडिओ असेल तर 'मे डे' हे शब्द तीन वेळा उच्चारून नौकेचे नाव, ठिकाण आणि संकटाचे स्वरूप सांगतात. आपल्या देशात भारतीय तटरक्षक दलाला दूरध्वनीवर १५५४ हा क्रमांक फिरवून समुद्रावरील संकटाची वार्ता देता येते. गंमत म्हणून या खुणा करणे हा मोठाच अपराध होय. कारण खोट्या हाकेला धावलेली नौका त्याच वेळी खऱ्या हाकेला धावू शकत नाही.

हे सारे नियम लहान मुलांच्या होडीपुरतेच आहेत, असे कोणी समजू नये. भारतीय नौदलातील तत्कालीन अधिकारी अभिलाष टॉमी हे मुंबईहून निघून २०१३ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे २०१८ साली ते गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नावाच्या नौकेतून पुन्हा एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले. सप्टेंबर महिन्यात दक्षिण हिंदी महासागरात प्रचंड वादळाने त्यांची नौका उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला इतकी दुखापत झाली, की त्यांना उठून उभेही राहता येईना. सर्वांत जवळची भूमी शेकडो मैल दूर होती. अशा स्थितीतही त्यांनी धीर सोडला नाही. उपग्रहाच्या साहाय्याने त्यांनी आपली अवस्था कळविली आणि ते नौकेतच पडून राहिले. नौदलाच्या विमानाने त्यांची नौका शोधून काढली. शर्यतीतील एक आयरिश स्पर्धक, त्याची स्वतःचीही डोलकाठी मोडली असताना, त्यांच्या दिशेने निघाला. अखेर २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. विशेष हे, की पुढे टॉमी यांनी हीच शर्यत पुन्हा केली आणि २०२३ साली ती पूर्ण करून दुसरा क्रमांक मिळविला.

संकटातील नाविकाकडे धाव घेणे, हा दर्याचा सर्वांत जुना कायदा आहे. शिडाच्या नौकांच्या शर्यतींचे जे नियम आज जगभर पाळले जातात, त्यांत संकटात सापडलेल्याला शक्य ती सर्व मदत करण्याचा नियम अग्रभागी आहे. १९८८ साली दक्षिण कोरियातील ऑलिंपिक स्पर्धांत या नियमाची कसोटी लागली. २४ सप्टेंबर रोजी बुसानच्या समुद्रात कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू हे आपल्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होते. इतक्यात वाऱ्याचा जोर वाढला. दुसऱ्या एका शर्यतीतील सिंगापूरची नौका उलटून तिच्यावरील दोघे नाविक पाण्यात पडल्याचे त्यांना दिसले. लेम्यू यांनी आपली नौका त्यांच्याकडे वळविली. दोघांनाही पाण्याबाहेर काढून, बचावाची नौका येईपर्यंत ते तेथेच थांबले आणि मगच शर्यतीत परतले. तोपर्यंत ते बरेच मागे पडले होते; त्यांचा क्रमांक बाविसावा आला. परंतु पंचांनी त्या शर्यतीत त्यांना दुसराच क्रमांक बहाल केला, आणि खिलाडूवृत्तीबद्दल पियर द कुबर्टिन पदक देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. त्या दिवशीचा विजेता कोण होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. लेम्यू यांचे नाव मात्र दर्यावर्दी लोक आदराने घेतात.

धाडस आणि सावधपणा हे एकमेकांचे वैरी आहेत, असा अनेकांचा समज असतो. पाण्यावरचे जीवन तो खोटा ठरविते. संकटाच्या क्षणी विचार करावयास सवड नसते. त्या वेळी माणसाच्या हाताला जी सवय असेल, तीच त्याच्या कामी येते. आणि ती सवय शांत दिवशी, उथळ पाण्यात, पुनःपुन्हा केलेल्या अभ्यासाने लागते. जो किनाऱ्यावर जाकिटाचा पट्टा नीट आवळतो आणि नोंदवहीत आपले नाव लिहितो, तोच खोल पाण्यात निर्भयपणे शीड उभारू शकतो. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याची हाक ऐकू आली असता आपली होडी तिकडे वळविण्याचे बळही त्यालाच लाभते.