पगार थांबतो तेव्हा नेमकं काय काय थांबतं?

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात रविवारी रात्री हमखास घोळत असणार. मार्केटिंगची कॉर्पोरेट नोकरी सोडून स्वतःची ऑनलाइन कामं घ्यायची. कुणाचं सोशल मीडिया सांभाळायचं, कुणासाठी जाहिराती चालवायच्या, कुणाला कॉपी लिहून द्यायची. बॉस नको आणि लोकलची गर्दी तर नकोच. स्वप्न छान आहे, पण आज आपण त्याचा हिशेब करूया.

सगळ्यात जास्त लोक दर ठरवताना फसतात. समजा तुमच्या हातात महिन्याला ६०,००० येतात. २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे तासाला साधारण ३४० रुपये. मग पहिल्या क्लायंटला आपण ३५० सांगतो आणि वर वाटतं, वा, पगारापेक्षा जास्तच की! इथेच गडबड आहे. ऑफिसात मीटिंगमध्ये बसलात, आजारी पडलात, दिवाळीला गावी गेलात, तरी पगार चालूच होता. आता प्रपोजल लिहिणं, फोन, "सर, पेमेंटचं काय झालं?" असे मेसेज, यांचे पैसे कोणीच देत नाही. २२ पैकी १२ दिवसांचं बिल लागलं तरी सुरुवातीला बरं म्हणायचं. त्यात कंपनी पीएफमध्ये भरत होती तो वाटा, आरोग्य विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर हे सगळं आता तुमच्या खिशातून. त्यासाठी महिन्याला २०,००० धरा. म्हणजे १२ दिवसांत ८०,००० मिळवायचे. तासाचा दर निघतो जवळपास ८३० रुपये. कुठे ३४० आणि कुठे ८३०! हा आकडा क्लायंटला सांगताना जीभ अडखळते, अगदी मान्य. पण ३५० वर हो म्हटलंत, तर सहा महिन्यांनी पुन्हा नोकरी.कॉम उघडावं लागेल.

आता पैसे वेळेवर मिळण्याचं. यासाठी एक सोय आहे आणि ती फार कमी जण वापरतात. 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी करा, फुकट होते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. काम घेण्याआधीच नोंदणी करून ठेवलेली बरी. पहिल्याच बिलाला कायदा दाखवू नका हं, पण इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक जरूर छापा. समोरच्याचं अकाउंट्स खातं तो ओळखतं.

टॅक्सचं पटकन सांगतो. व्यावसायिक फी म्हणून पैसे देताना कंपन्या साधारण १० टक्के टीडीएस कापतात. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघणार असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरायचा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, आणि परदेशी क्लायंटचे पैसेही त्या उलाढालीत धरले जातात. पुढचं सीएकडे.

राजीनाम्याआधी एक कागद मात्र काढून वाचा, तुमचं अपॉइंटमेंट लेटर. "नोकरी सोडल्यावर वर्षभर याच क्षेत्रात काम करायचं नाही" असं कलम पाहून पुष्कळ जण घाबरतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला मनाई करणारा करार सहसा टिकत नाही. पण याचा अर्थ काहीही करा असा नाही. कंपनीची क्लायंट यादी, कॅम्पेनचा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन निघालात, तर तो वेगळाच मामला. आणि नोटिस पीरियडमध्ये तुम्ही अजून नोकरीतच आहात, तेव्हा बाहेरचं काम जपून.

विमा आणि कर्ज, ही दोन कामं शेवटचा पगार जमा व्हायच्या आत उरका. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे एचआरला आधीच विचारा, म्हणजे आधी पूर्ण झालेला वेटिंग पीरियड वाया जाणार नाही. घरात आईबाबा त्याच पॉलिसीवर असतील तर हे आधी. आणि गृहकर्ज घ्यायचंच असेल तर सॅलरी स्लिप हातात असताना अर्ज करा. स्वतंत्र काम करणाऱ्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात, आणि ते यायला तेवढी वर्षं जावीच लागतात.